प्रसूतिगृहाच्या दाराबाहेरचा बाप

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही आपल्याकडील जुनी रीत. त्यामुळे बापाच्या हाती येई ती केवळ बातमी; वेणांचा आक्रोश त्याच्या कानी क्वचितच पडे. आता काळ बदलला आहे. पती दाराशी उभा असतो आणि प्रसूती निसर्गावर सोपवावी की शस्त्राच्या हाती द्यावी, या निर्णयात त्यालाही मत द्यावे लागते.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करावयास फार वेळ लावला. कळा सोसण्यातच आईपण आहे, असे त्याच्या मनावर बिंबले होते. आणि ते बिंबवणाऱ्यांत आमचे एक प्रवचनही होते, हे त्याने नंतर आम्हांस शांतपणे सांगितले. देवकृपेने बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. त्या बोलण्याने अस्वस्थ होऊन आम्ही दोन कादंबऱ्या पुन्हा वाचावयास घेतल्या: तॉलस्तॉय यांची ‘अ‍ॅना कॅरेनिना’ (१८७८) आणि हेमिंग्वे यांची ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ (१९२९).

‘अ‍ॅना कॅरेनिना’च्या सातव्या भागात किटीला पहाटे कळा सुरू होतात. तिचा पती लेव्हिन डॉक्टरांकडे धावतो. डॉक्टर मात्र निवांतपणे कॉफी घेत बसलेले! औषधविक्रेता अफूची बाटली बांधून देण्यात वेळ घालवतो. लेव्हिनला सारे जग निर्दय भासते. वस्तुतः त्या दोघांसाठी तो रोजचाच दिवस आहे. विपरीत वाटते आहे ते एका बापाला. तॉलस्तॉय यांनी हा विनोद आणि ही व्यथा एकाच वाक्यप्रवाहात सांभाळली आहे. श्रद्धा हरवलेला लेव्हिन नकळत देवाची करुणा भाकू लागतो. भावाच्या मृत्युशय्येशी जे जाणवले, तेच पत्नीच्या प्रसूतीच्या वेळी त्याला पुन्हा जाणवते: रोजच्या जगण्याला एक झरोका पडला आहे आणि त्यातून पलीकडचे काही दिसते आहे. प्रसूती सुखरूप होते, परंतु बाळ पाहून त्याला वात्सल्याचे भरते येत नाही. येते ती कीव, किळस आणि एक नवी भीती. इतका प्रामाणिक बाप आमच्या वाचनात दुसरा नाही.

हेमिंग्वे यांच्या कादंबरीत दृश्य लोझानच्या रुग्णालयातील आहे. येथे फ्रेडरिक हेन्री स्वतःच कॅथरिनला वेदनाशामक वायू देतो. पुढे वायूचा उपयोग होईनासा होतो, सिझेरियन करावे लागते. मूल मृत जन्मते. रक्तस्राव होऊन कॅथरिनही जाते. हेन्रीसुद्धा देवाला विनवतो, तिला मरू देऊ नकोस म्हणून. धर्म न मानणारा हा मनुष्य, परंतु त्या बाळाचा बाप्तिस्मा व्हावयास हवा होता, हे त्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. लेखकाचा मुलगा पॅट्रिक १९२८ साली सिझेरियननेच जन्मला. त्याची आई वाचली. अनुभव सुखान्त असता कादंबरी शोकान्त झाली, यावरून त्या दाराबाहेरच्या भयाची कल्पना यावी.

या दोन कृती शेजारी ठेवून ‘निसर्ग तारतो, शस्त्र मारते’ असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. लेव्हिननेही डॉक्टर आणि अफू यांसाठीच धाव घेतली होती. प्रार्थना दोघांनीही केली. तेव्हा प्रार्थना हा उपचाराचा पर्याय नव्हे आणि उपचार हा अश्रद्धेचा पुरावा नव्हे.

रॉबर्ट ब्रॅडली या अमेरिकन डॉक्टरांनी १९६५ साली नैसर्गिक प्रसूतीत पतीला शिक्षकाची भूमिका देणारे पुस्तक लिहिले. बापाला दाराच्या आत आणले, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु शिक्षक म्हटला की परीक्षा आली, निकाल आला; मग सिझेरियन झाले की दोघांनाही नापास झाल्यासारखे वाटते. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक प्रसूतीत स्त्रीच्या पसंतीची सोबत असावी, अशी शिफारस केली. सोबत हा शब्द आम्हांस अधिक खरा वाटतो.

शस्त्रक्रियेविषयीची शंका निराधार आहे, असे नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील सरकारी संस्थांत १४.३ टक्के, तर खाजगी संस्थांत ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. ही तफावत पाहता बापाने प्रश्न अवश्य विचारावेत. मात्र ते वेळेवर, गर्भारपणातच विचारावेत आणि पत्नीसह विचारावेत. ऐन घटकेला पेन हाती धरून नव्हे.

आणि वेदनेविषयी? पोप बारावे पायस यांनी ८ जानेवारी १९५६ रोजीच स्पष्ट केले होते की, प्रसूतिवेदना कमी करण्यास पवित्र शास्त्राची आडकाठी नाही. ते ठाऊक असूनही आम्ही व्यासपीठावरून वेदनेचा गौरव करीत राहिलो. सोसणारी दुसरीच होती, हे आम्ही विसरलो.

उत्पत्तीच्या पुस्तकात राहेल प्रसूत होताना मरण पावते. जाता जाता ती बाळाला बेनोनी, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र, असे नाव देते. याकोब ते बदलून बन्यामीन ठेवतो. हेन्रीने आपल्या बाळाकडे आईला मरणाच्या दारी नेणारा म्हणून पाहिले. याकोबाने तो दोष बाळाच्या माथी राहू दिला नाही. बाळ कोणत्या वाटेने आले, हे त्याच्या नावात राहू नये.

त्या तरुणाच्या मुलीला बाप्तिस्मा आम्हीच दिला. त्या दिवशी आमचे प्रवचन अगदी थोडक्यात आटोपले.