उंबरठ्यावरची बाळे

त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा आमच्याच नाशिक जिल्ह्यातली. देवळ्याच्या आम्हांस नदी म्हटली की गिरणा आठवते. परंतु वैतरणेच्या नावासरशी मृतांनी ओलांडावयाची पुराणांतली वैतरणीही मनात उभी राहते. ग्रीकांचीही अशीच नदी होती आणि तिच्यावर केरॉन हा नावाडी. त्याच्या भाड्यासाठी मृताच्या मुखात नाणे ठेवीत. आपल्या शेजारच्या हिंदू घरांत मृताच्या मुखात ठेवला जाणारा सोन्याचा कण येथे आठवावा.

होमरचा परलोक उदास आहे. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात अकिलीझची छाया म्हणते की, मृतांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या दरिद्री माणसाच्या शेतावर मजुरी बरी. व्हर्जिलने ‘एनीड’च्या सहाव्या सर्गात या अंधाराला व्यवस्था दिली : दुष्टांस टार्टरस, सज्जनांस इलिझियम, आणि बहुतेकांस हजार वर्षांच्या शुद्धीनंतर लीथी नदीचे विस्मरणाचे पाणी. शुद्धिस्थान मानणाऱ्या आपणांस हे ओळखीचे वाटेल. मात्र तेथील आत्मे देवाकडे जात नाहीत, पुन्हा देहात परततात. हा भेद लहान नव्हे.

मला अडवून धरतात त्या मात्र चारच ओळी. नदी उतरून, तीन तोंडांचा कुत्रा निजल्यावर एनीअस आत शिरतो, तोच उंबरठ्यावर तान्ह्या बाळांचा आक्रोश त्याच्या कानी येतो. आईच्या स्तनापासून तोडलेली ही बाळे. त्यांचा दोष काय, पुढे त्यांचे काय होणार, कवी काहीच सांगत नाही. तो ऐकतो आणि पुढे जातो. रोमन वीरांची जी मिरवणूक पुढे येते तीत मला दरबारी कवी दिसतो. येथे मात्र तो निरुत्तर आहे, आणि म्हणूनच खरा वाटतो. दान्तेने अशा बाळांस लिंबोत ठेवले. आक्रोश थांबला, उसासे उरले. खुद्द व्हर्जिललाही त्याने तेथेच बसविले!

आपल्या घरांत हा प्रश्न पुस्तकी नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने बाप्तिस्म्याविना दगावलेल्या बालकांस देवाच्या करुणेवर सोपविले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाच्या निवेदनाने त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे असल्याचे म्हटले. निश्चिती नव्हे, आशा.

माझ्या आजीची पहिली मुलगी अशीच गेली. नोव्हेंबरात मृतांच्या मिस्सेसाठी ती नावांची यादी सांगे आणि मी लिहून घेई. त्या यादीत ही मुलगी कधीच नसे. तिचे नावच ठेवलेले नव्हते.