एक कळफलक, तीन चुली

एका घरात दोन चुली झाल्या की आपण त्याला वाटणी म्हणतो. लिनक्समध्ये तिलाच बरीच वर्षं लवचिकता म्हणत असत.

कळफलक बिचारा एकच. पण त्यावरची कळ दाबली की कुठलं अक्षर उमटवायचं, हे ठरवणारी खाती दोन. यंत्र सुरू झाल्यावर जो काळा, नुसत्या अक्षरांचा पडदा येतो, तो कन्सोल. त्याचा तक्ता कर्नलच्या पोटात. पुढे खिडक्याबिडक्या येतात, त्यांची पोथी 'एक्सकेबी' नावाची. दोघांच्या नोंदी दोन फायलींत, आणि एकीत दुरुस्ती केली तर दुसरीला पत्ता नाही. जावाजावांचंही असंच असतं म्हणा. पण त्या निदान एकमेकींच्या डब्यांत काय आहे ते बघून तरी ठेवतात!

हा खटाटोप किती अनावश्यक होता, ते रोहा स्टेशनात कळावं. पेणवरून येणारी गाडी रोह्यापर्यंत मध्य रेल्वेची, तिथून पुढे कोकण रेल्वेची. मालक बदलतो, पण बाकावरचा माणूस उठत नाही, त्याची शेंगांची पुडीसुद्धा सांडत नाही. 'आता आपलं नाव-गाव पुन्हा सांगा,' असं कोणी म्हणत नाही.

डेबियन मंडळींनाही हे पटलं. अँटोन झिनोव्हिएव यांच्या 'कन्सोल-सेटअप'नं एक्सकेबीचीच पोथी कन्सोललाही लावली, आणि २०११ सालच्या 'स्क्वीझ' आवृत्तीत दोघांसाठी एकच फाईल आली. मुद्द्याच्या ओळी चार: कळफलकाचा प्रकार, मांडणी, पोटमांडणी आणि पर्याय. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात साचा एक असला की मूर्ती डोंबिवलीला जावो नाहीतर दुबईला, सोंड त्याच बाजूला वळते. तसा हा साचा.

इथवर टाळ्या. पण टीकाकारानं नुसत्या टाळ्या वाजवून घरी जायचं नसतं. कारण दोन चुली एक झाल्या, तोवर माळ्यावर तिसरी पेटली. ग्नोमसारखी पडदा-व्यवस्था प्रत्येक माणसाच्या मांडणीची यादी आपली आपण ठेवते. शिवाय डिस्कला कुलूप असेल, तर या फाईलची एक नक्कल सुरुवातीच्या गाठोड्यात बांधलेली असते. मूळ फाईल बदलली, तरी गाठोडं पुन्हा बांधेपर्यंत नक्कल जुनीच.

आता आपल्या मराठीचं बघा. सरकारनं १९८६ साली ठरवलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत 'रोहा' लिहायला जे, ए, यू, ई या कळा, आणि 'पेण'ला एच, एस व शिफ्टसह सी. मांडणी मध्येच निसटली की पेणचं 'एचएससी' होतं. असं स्टेशन कुठल्याच टाइमटेबलात नाही! तरी ते निदान दिसतं. पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके, किंवा तेही नाहीत. आपण बरोबर, यंत्र बरोबर, आणि दार बंद. अशा वेळी साधा माणूस यंत्राला बोल लावत नाही. 'आपल्याला हे जमायचं नाही बुवा,' म्हणून उठतो आणि पुढे आयुष्यभर इंग्रजी लिपीत मराठी लिहितो. माझं भांडण आहे ते या उठण्याशी.

मात्र सगळंच एक करा, असंही मी म्हणणार नाही. लिनक्सच्या साध्या कन्सोलच्या फाँटमध्ये फार तर ५१२ आकृत्या मावतात, आणि जोडाक्षरं जुळवण्याची विद्या त्याला नाही. मांडणी मराठी केली तरी 'ज्ञानेश्वर' तिथे धड उभे राहायचे नाहीत. म्हणून तिथे इंग्रजीची सोय लागतेच, आणि डेबियन अशा लिप्यांसाठी अदलाबदलीची कळ कोणती ते विचारतं. हा भेद खरा आहे; तो राहावा.

म्हणजे जिथे यंत्राची कुवतच तोकडी, तिथे दोन चुली असू द्याव्यात. पण जिथे नुसता दोन खात्यांचा मानापमान, तिथे एकच चूल हवी, आणि तिच्याशी बसून माणसाला एकदाच विचारावं: "काय हो, लिहिणार कशात?" उत्तर ऐकून मग घरातल्या सगळ्यांना कळवायचं काम घरच्यांचं. पाहुण्याला खोल्याखोल्यांतून हिंडवून तेच तेच विचारणं हे आपल्या रायगडात तरी आदरातिथ्यात मोडत नाही.