मार्थाच्या घरातला स्वयंपाक

लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायाच्या शेवटी फक्त पाच वचनांची एक गोष्ट आहे. येशू मार्थाच्या घरी येतो. तिची बहीण मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते. मार्था कामानं बेजार. ती म्हणते, हिला सांगा ना मला हातभार लावायला. येशू समजावतो की तू फार गोष्टींची काळजी वाहतेस. मरीयेनं निवडलं तेच योग्य आहे. गोष्ट संपली. स्वयंपाकाचं पुढं काय झालं, ते लूक सांगत नाही.

आपण जरा आत जाऊन बघू. पाहुणे किती, हेही लूकनं लिहिलेलं नाही. पण बारा शिष्य सोबत असतील, तर तेरा पानं. माणशी तीन भाकरी धरल्या तरी चाळीसच्या घरात गेलं. पीठ घरच्या जात्यावरचं. पाणी बाहेरून आणायचं, सरपण वेगळंच. एवढा हिशेब मांडला की मार्थाची तक्रार किरकिर वाटत नाही.

स्पेनचा चित्रकार वेलाझ्केझ यानं १६१८ च्या सुमारास या गोष्टीचं चित्र काढलं. त्यात येशू आणि मरीया कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत आहेत. समोर खलबत्ता, मासे, अंडी, लसूण, आणि तोंड पाडून कुटत बसलेली तरुण मुलगी. कोणाच्या कष्टावर हे श्रवण चाललंय, हे तो तोंडानं न सांगता दाखवतो. माझ्या मते या गोष्टीवरचं हे फार चांगलं भाष्य आहे.

आता आपल्याकडं या. नामदेवांची नर्सी आपल्याच जिल्ह्यात, जनाबाईंचं गंगाखेड शेजारच्या परभणीत. जनाबाई नामदेवांच्या घरी राबल्या. परंपरा सांगते की विठ्ठल त्यांच्यासोबत दळायला बसला. येशूला जातं अपरिचित नव्हतं. जात्यावर दळणाऱ्या दोन बायकांचा दाखला त्यानंच दिलाय. पण मार्थाच्या घरी तो उठून खुंट्याला हात लावत नाही. विठ्ठल लावतो.

लगेच टाळ्या वाजवू नका. देव दळू लागला म्हणून जनाबाईंचं दासीपण सुटलं का? नाही सुटलं. देवानं हात लावला असं म्हणत आपण नामदेवांच्या घरातल्या बाकीच्या माणसांना मोकळं सोडतो. ती कुठं बसली होती, हे कोणी विचारत नाही.

म्हणून पवित्र गोष्टीत रोजचं जगणं कल्पिताना एक कसोटी लावावी. चुलीचा धूर, पिठाचा वास घालून गोष्ट नुसती गोड करता येते; तो नटवेपणा झाला. कल्पनेनं कामाची वाटणी दिसली पाहिजे.

जर्मन चिंतक एकहार्ट यानं चौदाव्या शतकाच्या आगेमागे एका प्रवचनात बाजूच पालटली. त्याच्या मते मार्था अधिक पक्व. काम करताकरता तिचं अनुसंधान सुटत नाही. मरीया अजून शिकतेय. विचार मोठाच आहे. पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला एवढंच म्हणायचंय: मार्थानं मोठेपणा मागितलाच नव्हता. तिनं मदत मागितली होती. तिला थोर ठरवणं आपल्याला सोपं जातं, कारण त्यासाठी जागेवरून उठावं लागत नाही.