तारे आणि पाटी

आपल्या कथाकादंबऱ्यांना आणि बोलपटांना वेगळे मूल चालत नाही असे नाही; पण ते एका अटीवर चालते. शेवटचा पडदा पडण्यापूर्वी त्याने काहीतरी अचाट करून दाखविले पाहिजे. आंधळ्याने गावे, लंगड्याने डोंगर चढावा, आणि ज्याचे अक्षरांशी जमत नाही त्याने असे चित्र काढावे की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावे. हे घडले नाही तर तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखे आपल्याला वाटते. 'तारे जमीन पर' हा 2007 सालचा हिंदी चित्रपट मी यंदा पुन्हा पाहिला, तो ही अट कोठवर पाळतो आणि कोठे मोडतो हे पाहण्यासाठी. पहिल्या खेपेस सारे थिएटरच डोळे पुसत होते. अशा वेळी टीका सुचत नाही, आणि सुचली तरी शेजारचे लोक ऐकून घेत नाहीत.

आधी गुणांविषयी. अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या या कथेतला ईशान हा आठ-नऊ वर्षांचा मुलगा दुसऱ्यांदा तिसरीत बसला आहे. अक्षरे त्याच्यापुढे नाचतात. तीन नवे किती, हे सोडवताना तो कल्पनेतले यान घेऊन अंतराळात जातो, तिसरा ग्रह नवव्यावर आदळवतो, नववा फुटतो, आणि उत्तरपत्रिकेत तो मोठ्या समाधानाने 3 हा आकडा लिहितो. (बिचाऱ्या प्लूटोचे ग्रहपद आदल्याच वर्षी काढून घेण्यात आले होते, पडद्यावर त्याचा असा अंत झाला.) हा प्रसंग हसवतो, पण त्यात एक बारीक निरीक्षण आहे. मूल विचार करीत नाही असे नाही. त्याच्या विचाराची वाट आणि परीक्षकाची वाट कोठेच मिळत नाही. हिंदीच्या तासालाही हेच घडते. ईशान कवितेचा अर्थ आपल्या शब्दांत सांगतो आणि बोलणी खातो. दुसरा मुलगा मास्तरांचेच शब्द परत करतो आणि शाबासकी मिळवतो. आपल्या शाळांवरची इतकी नेमकी टीका मी पुष्कळ शैक्षणिक अहवालांतही वाचलेली नाही.

सर्वांत चांगला प्रसंग मात्र ईशानच्या घरी घडतो, आणि ईशान त्यात नाहीच. निकुंभ हा चित्रकलेचा शिक्षक त्याच्या आईवडिलांना भेटायला येतो. वडिलांचे मत ठाम: मुलगा आळशी आहे, हट्टी आहे. निकुंभ एका खेळण्याच्या खोक्यावरची परकी लिपी त्यांच्यापुढे धरतो आणि म्हणतो, वाचा. वडील म्हणतात, कसे वाचणार? तेव्हा निकुंभ त्यांना त्यांचेच शब्द ऐकवतो: लक्ष द्या, तुम्ही प्रयत्नच करीत नाही, हा उर्मटपणा आहे. डिस्लेक्सिया म्हणजे काय हे व्याख्यानाने सांगता आले असते, आणि पुढे चित्रपट ते सांगतोही. पण त्या खोक्याने जे काम केले ते व्याख्यानाला साधलेले नाही. वाचता न येणे हा स्वभावदोष नव्हे, हे बापाला एका मिनिटात आपल्या डोळ्यांनी कळते.

येथून पुढे मात्र माझी तक्रार सुरू होते. निकुंभ मुलाला शिकवू लागतो. वाळूत अक्षरे गिरवणे, मातीची चित्रे, हातावर बोटाने काढलेले अक्षर, पायऱ्यांवर उड्या मारीत केलेली बेरीज-वजाबाकी: या पद्धती खऱ्या आहेत. डोळा, कान, हात आणि सारे शरीर एकाच वेळी कामाला लावणे हेच अशा शिकवण्याचे सूत्र आहे. पण हे सगळे आपल्याला दिसते ते संगीताच्या तालावर, भराभर, काही मिनिटांत. ज्या कामाला महिने आणि वर्षे लागतात, ज्यात आज आलेले अक्षर उद्या पुन्हा हरवते, ते असे उरकले जाते. आणि चित्रकलेच्या स्पर्धेला मात्र ऐसपैस जागा मिळते.

मराठी घरात हे आणखी जाणवावे. आपली देवनागरी उच्चाराप्रमाणे चालते असा आपल्याला अभिमान आहे. पण 'कि' लिहिताना इकार मागून उच्चारायचा आणि आधी काढायचा, ही विसंगती आपण सहज गिळून टाकली आहे. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांतला फरक एका गाठीचा किंवा एका रेघेचा. र तर बहुरूपीच: कधी डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी पायाशी तिरपा टेकतो. ज्या मुलाचे डोळे आणि कान यांची सांगड सहज बसत नाही त्याच्यासाठी ही बाराखडी म्हणजे चकवा. माझ्या माहितीतल्या एका घरी आई रोज संध्याकाळी ताटात रवा पसरून मुलाचे बोट त्यात फिरवते. 'ध' एका आठवड्यात आला, दुसऱ्या आठवड्यात गेला, चौथ्यात परत आला. याचे चित्रण कोणी करील का? कंटाळवाणे होईल खरे. पण स्वयंपाकाची घाई, धाकट्याची रडारड आणि त्यात तो परत आलेला 'ध', यांत नाट्य नाही असे मला वाटत नाही.

हेलन केलरच्या गोष्टीचेही आपण असेच केले आहे. अॅन सलिव्हन 1887 सालच्या 3 मार्चला अलाबामातल्या त्या घरी पोहोचली आणि 5 एप्रिलला पाण्याच्या पंपापाशी मुलीला शब्द म्हणजे काय ते उमगले. नाटकाने, चित्रपटाने आणि शाळेतल्या धड्यांनी पंप तेवढा उचलला. त्यानंतर पाचच दिवसांनी सलिव्हनने लिहिलेले पत्र मला त्याहून मोलाचे वाटते. हेलनच्या सव्वा वर्षाच्या नात्यातल्या मुलीकडे पाहून तिच्या ध्यानात आले की तान्ह्या मुलाशी आपण सुटे शब्द घोकत बसत नाही, पुरी वाक्ये बोलतो, आणि मूल त्यातून भाषा उचलते. मग तिने ठरविले की हेलनच्या तळहातावरही असेच बोलायचे. यात चमत्कार नाही; डोळस शिक्षिकेचे निरीक्षण आहे. शाळेने घरापासून शिकावे याचे याहून सुंदर उदाहरण मला आठवत नाही.

आता त्या अटीकडे वळतो. ईशान स्पर्धा जिंकतो, त्याचे चित्र शाळेच्या वार्षिकावर छापले जाते, आणि बापाची मान आधी खाली व मग वर होते. निकुंभ वर्गात आइन्स्टाईन, लिओनार्दो अशी नावे घेतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान आज कोण आणि कशावरून करणार, हा प्रश्न सोडून देऊ. हेतू चांगला आहे. पण एका गृहस्थांनी मला जे ऐकवले ते मी विसरू शकत नाही. त्यांचा मुलगा अशाच अडचणीतला. चित्रपटाचा विषय निघाला तेव्हा ते हळूच म्हणाले, "आमच्या ह्याला चित्रसुद्धा काढता येत नाही हो." धीर देण्यासाठी काढलेल्या चित्रपटाने त्या बापाला आणखी एका परीक्षेत नापास करून पाठविले होते.

सई परांजपे यांचा 'स्पर्श' (1980) या सापळ्यात सापडत नाही. अंधशाळेचा मुख्याध्यापक अनिरुद्ध स्वतः अंध आहे आणि 'बेचारा' हा शब्द त्याला खपत नाही. तेथली मुले मुलांसारखी खोडकर आहेत. कोणी जगाला थक्क करीत नाही. कविता त्यांना शिकवायला येते ती कृपा करायला नव्हे, हे तिला हळूहळू आणि थोडे दुखावूनच कळते. हा चित्रपट पाहून आपण कमी रडतो. माझ्या लेखी तो त्याचा गुण आहे.

तरीही 'तारे'चे ऋण मोठे आहे. 1995 च्या अपंगांविषयीच्या कायद्याच्या यादीत अध्ययन-अक्षमतेला जागा नव्हती. ती 2016 च्या कायद्याने मिळाली. त्यामागे अनेकांचे श्रम आहेत, ते श्रेय एका चित्रपटाला देता येणार नाही. पण परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मागणाऱ्या आईला पूर्वी "लाडावून ठेवलंय" असे ऐकावे लागे. त्याच आईला चित्रपटानंतर निदान एक नाव सांगता येऊ लागले आणि समोरच्याने ते कोठेतरी ऐकलेले असे. चित्रपटातली ईशानची आई मात्र उत्तरार्धात जवळजवळ नाहीशी होते. नोकरी सोडून मुलांच्या वह्यांवर बसलेली ही बाई चुकत होती ती पद्धत ठाऊक नव्हती म्हणून, माया कमी होती म्हणून नव्हे. निकुंभने तिलाही वाळूचे ताट हाती दिले असते तर सुट्टीत घरी गेलेल्या ईशानचे काय होणार, ही माझी चिंता मिटली असती.

आणि एक पात्र राहिले, राजन. पायाला आधार लावून, कुबड्या घेऊन चालणारा ईशानचा वर्गमित्र. त्याला कोणी स्पर्धा जिंकायला लावलेली नाही, त्याच्यासाठी व्हायोलिने वाजत नाहीत. कवितेच्या त्या तासानंतर तोच ईशानला सांगतो की तू सांगितलेला अर्थ बरोबर होता. मास्तर येण्याच्या कितीतरी आधी.