लाल डगला आणि कागदाचा व्यापार

कॅनडांतील घोडेस्वार पोलिसाचें लाल डगल्यांतील रूप जगाच्या परिचयाचें आहे. परंतु त्याचा एक मोठा चित्रसंग्रह कॅनडांत नव्हे, तर अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत जमला, ही गोष्ट संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. क्लोके येथील नॉर्थवेस्ट पेपर कंपनीनें १९३१ सालीं आपल्या कागदाच्या जाहिरातीसाठीं या शिपायाची योजना केली. आरंभींच्या चित्रकारांत हॅल फॉस्टर होता. १९३७ पासून आर्नल्ड फ्रीबर्ग यानें २०० हून अधिक चित्रें काढलीं. १९८१ सालीं मूळ चित्रांपैकीं ३०० हून अधिक चित्रें डुलूथ येथील ट्वीड कलासंग्रहालयास मिळालीं.

फ्रीबर्गचें रेखाटन कसदार आहे, याविषयीं आम्हांस संशय नाहीं. शिवाय ही जाहिरात छापखानेवाल्यांस उद्देशून होती. तेव्हां शुभ्र बर्फावर उठणारा लाल रंग हा शिपायाच्या शौर्याइतकाच कागदाच्या गुणाचाही दाखला होता, असें आमचें मत आहे. मालाचा गुण मालावरच सिद्ध करणारी ही योजना खरोखर चतुर होय.

परंतु हीं चित्रें त्या दलाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून पुढें करणें आम्हांस मान्य नाहीं. दलाची स्थापना १८७३ ची, हल्लींचें नांव १९२० चें. १ जुलै १९३५ रोजीं रेजायना शहरीं याच दलानें बेकारांच्या सभेवर चाल केली. मूलनिवासींचीं मुलें आईबापांपासून तोडून वसतिशाळांत नेण्याच्या कामीं दलाचा जो हात होता, त्याबद्दल दलाच्या प्रमुखानें २००४ सालीं क्षमा मागितली. कागद विकण्यासाठीं काढलेल्या चित्रांत या गोष्टींस जागा असणें शक्यच नव्हतें. म्हणून त्यांची साक्ष दलाविषयीं नव्हे, तर लोकांस कसा शिपाई पाहणें आवडे याविषयीं घ्यावी. त्या कामीं तीं अस्सल आहेत.

संग्राहकांस आमची एकच विनंति आहे. दिनदर्शिकेंतून चित्र कापून चौकटींत बसवूं नये. खालचा मजकूर, कंपनीचें नांव व साल यांसह पान राखावें. शिक्का व मिति फाडून टाकलेला कागद कितीही सुंदर असला, तरी तो बोलत नाहीं.