स्टील : मांडणीतलं आणि पिलरमधलं

डोंबिवलीत भांड्यांच्या दुकानात जाऊन ‘स्टीलचा डबा द्या’ म्हटलं, की समोर येतो तो कधी न गंजणारा, लखलखीत डबा. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये इंजिनियर सांगतो, ‘तुमच्या पिलरमधलं स्टील गंजलंय.’ ऐकणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. इंग्रजीतून आलेल्या या एका शब्दात मराठीने दोन उलट स्वभाव नांदवले आहेत, आणि म्हणून तो पुन्हा पुन्हा उलगडून पाहावासा वाटतो.

आधी मांडणीतलं स्टील. मूळ नाव स्टेनलेस स्टील. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली क्रोमियम मिसळून केलेल्या मिश्रधातूपासून त्याची ख्याती झाली. आपल्या घरांत येता येता ‘स्टेनलेस’ हे विशेषण गळून पडलं, पण त्याचा सगळा अर्थ नामात मुरला. ‘स्टीलचं’ एवढं म्हटलं की डाग नाही, गंज नाही, कल्हई नाही, हे सारं आलंच. हे घडलं कारण शब्दाच्या मागे बायकांचे कष्ट होते. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की ताक किंवा आमटी कळकायची. चिंच लावून भांडी घासताना हात भरून यायचे. स्टील आलं आणि ‘कळकणं’ हे नेमकं, सुंदर क्रियापदच मागे पडलं. एका धातूने भाषेतलं एक क्रियापद पुसट करावं, याचं मला अजूनही नवल वाटतं. जुने कपडे घेणाऱ्या बोहारणीशी घासाघीस व्हायची ती स्टीलच्या डब्यासाठी, आणि लग्नात दिलेल्या ताटावर देणाऱ्याचं नाव मशीनने कोरलं जायचं ते पिढ्यान्‌पिढ्या टिकणार या खात्रीने.

गंमत अशी, की हा शब्द मनाच्या प्रांतात कधी शिरला नाही. इंग्रजीत स्टील म्हणजे मनाचा कणखरपणाही. मराठीत ते काम पोलादाकडे आहे, आणि पोलाद हा फारसीतून आलेला जुना, भारदस्त पाहुणा. निर्धार पोलादी, मनगट पोलादी. इंग्रजीतला लोखंडी पडदासुद्धा आपल्या वर्तमानपत्रांनी पोलादी करून घेतला. पण पोलादी वाटी कुणी म्हणत नाही आणि स्टीलचं मनगटही नाही. रेल्वेने तर तिसरंच नाव धरलं: १८५३ साली बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्यात आली, तिथल्या रेल्वे पोलिसांची पाटी आजही ‘लोहमार्ग’ म्हणते. रूळ पोलादाचे, नाव लोहाचं.

आता पिलरमधलं स्टील. सेंटरिंगवाले, बिल्डर, गवंडी यांच्या तोंडी स्टील म्हणजे सळई, टनावर विकली जाणारी. ही साधी सळई असते, तिच्यात डब्यातल्यासारखं क्रोमियम नसतं. तरीही दोन्ही स्टील तगतात ते एकाच युक्तीने: अंगावरच्या ऑक्साइडच्या अतिपातळ थराने. डब्यावरचा थर क्रोमियमचा. चरा पडला तर हवा लागताच तो स्वतःच सांधतो. सळईवरचा थर मात्र भोवतालच्या सिमेंटच्या अल्कधर्मी गुणावर जगतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत गेला, किंवा खारेपणातलं क्लोराइड पोचलं, की तो थर तुटतो. आणि इथे खारी रेती काही दूर नाही: मुंब्र्याला आणि कल्याणला रेतीबंदर ही नावंच आहेत. खाडीची रेती नीट न धुता वापरली, तर हे क्लोराइड बांधकामाच्या पहिल्या दिवसापासूनच आत असतं. गंजाला मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा लागते, तो आतून रेटा देतो, काँक्रीटला उभी चीर जाते आणि एखाद्या पावसाळ्यात पोपडा निखळून सळई उघडी पडते.

डोंबिवली-कल्याणच्या जुन्या चारमजली इमारतींत ‘स्टील दिसायला लागलंय’ हे वाक्य म्हणूनच धडकी भरवतं. स्वयंपाकघरात स्टील दिसणं ही ऐपत होती. पिलरमध्ये स्टील दिसणं ही सूचना आहे. २०१५च्या पावसाळ्यात ठाकुर्लीत आणि ठाण्याच्या नौपाड्यात आठवड्याच्या अंतराने दोन इमारती कोसळल्या, माणसं गेली. इथल्या माणसाने ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हे शब्द शिकले ते अशा दुःखातून.

माझी अडचण त्या गळालेल्या विशेषणाशी आहे. डब्यावरचा विश्वास आपण नकळत सळईवरही टाकतो. शब्द एकच असल्याने भिंतीतलं स्टीलही कायमचं वाटतं. ते तसं नाही. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या कायद्यानेच बंधनकारक केलं आहे. तुमच्या जिन्याखालच्या पिलरला उभी चीर किंवा तांबूस ओघळ दिसत असेल, तर यंदा रंगाचा खर्च पुढे ढकला आणि आधी ऑडिट करून घ्या.