ज्यू कलेचे नोंदपत्र

न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये हनुक्का सणाचा एक चांदीचा दीप आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रँकफर्टच्या योहान आडाम बोलर या कारागिराने तो घडवला. बोलर ख्रिश्चन होता. जर्मन शहरांतल्या चांदीकारांच्या संघांत ज्यूंना प्रवेश नसे. त्यामुळे सिनेगॉगसाठी आणि ज्यू घरांसाठी लागणारी चांदीची कितीतरी उत्तम कामे ख्रिश्चन हातांनी झाली. कर्ता ज्यू नाही, घाट त्या काळच्या जर्मन चांदीकामाचा, मग या दिव्याला 'ज्यू कला' का म्हणायचे? उत्तर साधे आहे. ज्यू घरात सणाच्या आठ रात्री लावण्यासाठी तो घडवला गेला, म्हणून.

ज्यू कलेच्या अभिरक्षकाचे, म्हणजे क्युरेटरचे, काम या उत्तरापासून सुरू होते आणि तिथेच अडते. वस्तूला ज्यू करतो तो तिचा वापर. आणि वस्तू संग्रहालयात आली की पहिल्यांदा थांबतो तोही वापरच. संग्रहालयाच्या भांडारात बसून नोंदपत्रे लिहिण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. नोंदपत्रावर कर्ता, काळ, माध्यम, मापे यांचे रकाने असतात. वस्तू कोणाच्या घरात होती, कशासाठी वापरली, कुठे झिजली, कोणी डागडुजी केली, यांना बहुधा रकाना नसतो; ते 'शेरा' या शेवटच्या ओळीत कोंबावे लागते. ज्यू कलेच्या संग्रहांचे मोल त्यांतल्या चांदीपेक्षा या शेऱ्यांवरून ठरवावे, असे मला इथे मांडायचे आहे.

या संग्रहांचा आरंभ काहीशा बचावाच्या भूमिकेतून झाला. मूर्ती घडवू नये अशी आज्ञा असलेल्या लोकांजवळ दृश्यकला असणार नाही, हा समज युरोपात रुजलेला होता. 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात इझाक स्ट्राउस या संगीतकाराचा ज्यू विधिवस्तूंचा संग्रह मांडला गेला. 1904 मध्ये न्यायाधीश मेयर सल्झबर्गर यांनी न्यूयॉर्कच्या ज्यू धर्मशिक्षण संस्थेला 26 वस्तू दिल्या. आजचे ज्यूइश म्युझियम त्यातून उभे राहिले. पुढे 1932 मध्ये सीरियातल्या दुरा-युरोपस येथे तिसऱ्या शतकातल्या सिनेगॉगच्या भिंती उघड्या पडल्या. मोझेस आणि इतर बायबलमधल्या माणसांची चित्रे त्यांवर रांगेने रंगवलेली होती. 'ज्यूंना कला नाही' हा आक्षेप तिथेच संपायला हवा होता. तरीही 'आमच्याकडेही कला आहे' हे सिद्ध करण्याची सवय संग्रहालयांना लागून राहिली. जे चकाकते ते काचपेटीत गेले, जे झिजले ते भांडारात राहिले.

या सवयीला उत्तम छेद दिला तो व्हिव्हियन मान यांनी. न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात त्यांनी अनेक वर्षे विधिवस्तूंच्या अभिरक्षक म्हणून काम केले. 2000 साली त्यांनी संपादित केलेला दृश्यकलेविषयीच्या ज्यू ग्रंथवचनांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याचा मोठा आधार म्हणजे रब्बींचे निर्णय. लोक प्रश्न विचारीत आणि रब्बी लेखी उत्तरे देत. सिनेगॉगमध्ये चित्र चालेल का, अमुक कापड पवित्र पडद्यासाठी घेता येईल का, असे प्रश्न विचारले जातात तेव्हा कोणीतरी ते करीत असते किंवा करू पाहत असते. कलेच्या इतिहासाला लागणारा वापराचा पुरावा मान यांनी धर्मशास्त्राच्या दप्तरातून काढला. मला ही पद्धत शैलीच्या सगळ्या वर्गवारीपेक्षा मोलाची वाटते.

वापर थांबणे म्हणजे काय, हे विसाव्या शतकाने फार क्रूरपणे दाखवले. 1939 मध्ये डान्झिगच्या ज्यू समाजाने स्थलांतराच्या खर्चासाठी आपले मोठे सिनेगॉग विकले आणि विधिवस्तू न्यूयॉर्कला पाठवल्या. सोबत अट होती: पंधरा वर्षांनंतर डान्झिगमध्ये सुरक्षित आणि स्वतंत्र ज्यू समाज असेल तर वस्तू परत कराव्यात, नसेल तर त्या अमेरिकेत लोकशिक्षणासाठी राहाव्यात. तो समाज उरला नाही, वस्तू न्यूयॉर्कमध्ये राहिल्या. इथे अट हाच सर्वांत महत्त्वाचा शेरा आहे. तो वगळून डान्झिगचा चांदीचा मुकुट दाखवला, तर आपण फक्त मुकुट पाहतो.

प्रागचे प्रकरण याहून कठीण. तिथले ज्यू संग्रहालय 1906 मध्ये स्थापन झाले होते. 1942 मध्ये, नाझी अमलाखाली, बोहेमिया आणि मोराव्हियातल्या उठवल्या गेलेल्या ज्यू समाजांच्या वस्तू तिथे येऊ लागल्या. पेट्यांमागून पेट्या येत होत्या. युद्ध संपेपर्यंत संग्रह लाखाच्या पुढे गेला. त्यांची नोंदपत्रे लिहिणारे अभिरक्षक स्वतः ज्यू होते, आणि ज्या गावांच्या वस्तू ते मोजत होते त्या गावांची माणसे छळछावण्यांकडे पाठवली जात होती. योसेफ पोलाक, तोबियास याकोबोव्हित्स हे त्यांतले जाणकार. दोघेही वाचले नाहीत. हिटलरला 'नष्ट वंशाचे संग्रहालय' करायचे होते, असे पर्यटकांना हमखास सांगितले जाते. या नावाला युद्धकाळातल्या कागदांचा आधार सापडलेला नाही. पण त्या आकर्षक नावामुळे सगळे श्रेय मारणाऱ्यांच्या लहरीला मिळते आणि टेबलापाशी बसून गावाचे नाव, अर्पण करणाऱ्याचे नाव, पडद्यावरचा हिब्रू लेख नीट उतरवून घेणारी माणसे पुसली जातात. त्यांनी शेऱ्याची ओळ रिकामी सोडली नाही. माझ्या मते या व्यवसायातले ते सर्वांत मोठे काम आहे.

त्या अभिरक्षकांपैकी हाना व्होलाव्कोव्हा वाचल्या आणि युद्धानंतर संग्रहालयाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या काळात पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर मारल्या गेलेल्या सुमारे 80 हजार ज्यूंची नावे हाताने लिहिण्याचे काम हाती घेतले गेले. 1964 मध्ये प्रागमधून तोराच्या 1,564 हस्तलिखित गुंडाळ्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर सिनेगॉगमध्ये पोचल्या. ज्या दुरुस्त होण्याजोग्या होत्या त्या दुरुस्त केल्या गेल्या, आणि बऱ्याच जगभरच्या सिनेगॉगांना वापरासाठी दिल्या गेल्या. संग्रहातून बाहेर पडून वस्तू पुन्हा वाचनात येणे ही दुर्मीळ गोष्ट. एरवी वाचनाला अयोग्य ठरलेली तोरा पुरतात, जसे आपण झिजलेल्या टाकांचे विसर्जन करतो. पुरणे, वापरणे आणि जपणे यांतले काय योग्य, हे अभिरक्षकाला प्रत्येक वस्तूपाशी नव्याने ठरवावे लागते.

आता हाच निकष आपल्या भाषेतल्या एका वस्तूला लावून पाहू. 1874 मध्ये पुण्यात बेने इस्राएल समाजासाठी एक हगादा शिळाछापावर छापली गेली. हगादा म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री जेवणापाशी वाचायची पोथी. तिच्यात हिब्रू आणि मराठी दोन्ही आहेत. त्याआधी 1846 मध्ये मुंबईतही अशीच द्विभाषिक हगादा निघाली होती. पुण्याच्या हगादेतले एक चित्र बरेच प्रसिद्ध आहे: साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाची बेखमीर भाकरी करीत आहेत. पोथी काचपेटीत ठेवली की एकच जागा उघडी ठेवता येते, आणि मराठी न जाणणारा अभिरक्षक साहजिकच हे चित्र निवडेल. प्रेक्षकाला एका नजरेत कळते: ज्यू, पण भारतीय.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. साडी परक्याला नवलाची. त्या घरातल्या बाईला ती साडीच होती. चित्रापाशी थांबले की बेने इस्राएल म्हणजे एक वेशभूषा होऊन बसते. या पोथीतली मोठी गोष्ट तिची मराठी आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी डावीकडून उजवीकडे, आणि इजिप्तमधून सुटकेची कथा एकाच पाटावर दोन्ही दिशांनी सांगितली जाते. हिब्रू न येणाऱ्या आजीला आणि नातवाला तो अर्थ मराठीतून मिळावा, एवढ्यासाठी कोणी तरी भाषांतर केले, शिळेवर अक्षरे उतरवली, पैसे उभे केले. कोकणात तेलाचे घाणे चालवलेल्या, मुंबई-पुण्यात पलटणीत आणि कचेऱ्यांत शिरलेल्या समाजाने आपली प्रार्थना स्वतःच्या बोलीला जोडली, हा त्या पोथीचा शेरा.

म्हणून मी मराठी मजकुराचे पान उघडे ठेवीन. चित्राची छापील प्रत हवी तर शेजारी लावावी. पोथीच्या अनेक प्रती समोर असतील तर सर्वांत स्वच्छ प्रत निवडणे हा आमच्या व्यवसायातला संकेत आहे. मी डाग पडलेली प्रत निवडीन. द्राक्षाचा मद्यरस मिळत नसे म्हणून बेने इस्राएल घरांत मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणत. त्या सरबताचा थेंब पानावर वाळलेला असेल, तर त्याची जागा आणि माप नोंदपत्रात कर्त्याच्या नावाइतक्याच काळजीने लिहावे, आणि ते पान धुऊ नये.